पोट दुखतं, मग सुई पायात का? चिनी वैद्यकातली जठराची वाहिनी

अनवट

अ‍ॅक्युपंक्चरसाठी पहिल्यांदा आलेला जवळजवळ प्रत्येक पेशंट मला हे विचारतो. तक्रार अपचनाची, पोटफुगीची, आणि मी सुई लावते गुडघ्याच्या खाली. झोपलेल्या माणसाला दोन वाक्यांत जे सांगता येतं ते सांगते, पण विषय दोन वाक्यांचा नाही. म्हणून हा धागा.

चिनी वैद्यकात शरीरभर 'ची', म्हणजे जीवनशक्ती, वाहून नेणाऱ्या मुख्य वाहिन्या बारा मानतात. त्यांतली जठराची वाहिनी, जिला 'पायाची यांगमिंग' म्हणतात, तिच्यावर ४५ बिंदू आहेत. पहिला बिंदू डोळ्याच्या बाहुलीच्या बरोबर खाली, खोबणीच्या हाडाच्या कडेला. तिथून ती ओठाच्या कोपऱ्याशी येते, जबड्याच्या कडेने मागे जाते, कानापुढून वर चढून कपाळाच्या कोपऱ्यात केसांत शिरते. तिची दुसरी शाखा जबड्यावरून गळ्यात उतरते, गळपट्टीच्या हाडामागच्या खळग्यात येते आणि छातीवरून स्तनाग्राच्या रेषेत खाली सरकते. पोटावर बेंबीच्या दोन्ही बाजूंना, मग जांघ, मांडीचा पुढचा-बाहेरचा भाग, गुडघा, नडगीची बाहेरची बाजू, पावलाचा वरचा भाग आणि शेवटी अंगठ्याशेजारच्या बोटाच्या नखाचा बाहेरचा कोपरा. ही झाली बाहेरून दिसणारी वाट. आत एक शाखा छाती आणि पोट यांमधल्या पडद्यातून खाली जाऊन जठराला मिळते आणि प्लीहेला जोडते. चिनी वैद्यकात जठर आणि प्लीहा ही जोडी आहे: जठर अन्न घेतं, प्लीहा त्याचं सार अंगभर पोचवते. यातली प्लीहा म्हणजे शरीरशास्त्राच्या पुस्तकातला तो एक अवयव समजू नका. तिच्याकडे पचनाचं सगळं खातं आहे.

पायाच्या बाकीच्या यांग वाहिन्या पाठीवरून किंवा कुशीवरून जातात. त्यांतली ही एकटी अंगाच्या पुढच्या भागावरून उतरते. तोंड, हिरड्या, गळा, छाती, पोट, सगळी अन्नाची वाट तिच्या ताब्यात आहे हे लक्षात घेतलं की तिचा मार्ग पाठ करावा लागत नाही.

जुन्या ग्रंथांत ही वाहिनी बिघडल्याची लक्षणं दिली आहेत. 'लिंगशू' या प्राचीन चिनी वैद्यकग्रंथाच्या दहाव्या प्रकरणात वाकडं झालेलं तोंड, ओठांवरचे फोड, नाकातून रक्त, सुजलेला गुडघा अशी यादी येते, आणि तिच्यातच मनाची लक्षणंही येतात. लाकडाचा आवाज ऐकला की माणूस दचकतो, त्याला खोलीचं दार लावून एकटं बसावंसं वाटतं, आणि विकार फार वाढला तर तो उंच जागी चढून गातो, कपडे टाकून धावत सुटतो. लाकडाच्या आवाजाचं कारण चिनी पंचतत्त्वांत आहे, त्यांत लाकूड हेही एक तत्त्व. जठर म्हणजे माती, आणि लाकूड मातीवर मात करतं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्याने पोट आणि मन एका ओळीत मांडलं, हे मला आजही थक्क करतं.

गुडघ्याखालच्या बिंदूचं नाव त्सुसानली, थोडक्यात सान्ली, या वाहिनीवरचा ३६वा. चिनी विद्यार्थी चार बिंदूंचं एक छोटं पद्य घोकतात. त्याची सुरुवातच अशी आहे की पोटाच्या तक्रारीला सान्ली धरा. बाराव्या शतकातल्या मा तानयांग या दाओपंथी साधूच्या नावावर बारा बिंदूंचं गाणं आहे, त्यातही पहिला मान सान्लीचा आणि दुसरा नेइथिंगचा. नेइथिंग पावलावर, दुसऱ्या-तिसऱ्या बोटांच्या बेचक्यात. वरच्या दातांच्या ठणक्याला आणि हिरड्यांच्या दाहाला तो वापरतात, म्हणजे तोही याच वाहिनीवरचा.

आणखी एक नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. वैद्य ली तुंगयुआन, ११८० ते १२५१. मंगोलांनी १२३२मध्ये खायफंग या चिनी शहराला वेढा दिला, तेव्हा तो तिथे होता. वेढा उठल्यावर शहरात माणसं भराभरा मेली. इतर वैद्य बाहेरून आलेल्या थंडीचा ज्वर समजून उपचार करत होते. त्याचं म्हणणं होतं की महिनोन्‌महिने उपाशी, भेदरलेल्या, थकलेल्या माणसांचं जठर आणि प्लीहा आतून खचली आहे, आणि तापाचं मूळ तिथे आहे. पुढे त्याने जठर-प्लीहेवर आख्खा ग्रंथ लिहिला. चिनी वैद्यकात 'माती सांभाळा' म्हणणारी जी परंपरा आहे, तिचा उगम हा.

प्रश्न विचारा. जे माहीत आहे ते सांगेन.

मोगरा

किती छान लिहिलंय, ताई. मला दोन गोष्टी विचारायच्यात. माझ्या सासऱ्यांचं तोंड दोन वर्षांपूर्वी एका बाजूला वाकडं झालं होतं, तेव्हा अ‍ॅक्युपंक्चरवाल्यांनी गालावर आणि जबड्यावर सुया लावल्या होत्या. ते हेच बिंदू का? आणि दुसरं, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ना, सकाळी ७ ते ९ जठराची वेळ, तेव्हाच पोटभर खा म्हणून. ते खरंच चिनी आहे की कुणी रचलेलं?

अनवट

मोगरा, हो, बहुतेक तेच. ओठाच्या कोपऱ्याजवळचा तित्सांग, जबड्याच्या कोनातला चियाछ, कानापुढचा श्याक्वान, तिन्ही जठराच्या वाहिनीवरचे. पण इथे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी ठळकपणे सांगते: तोंड वाकडं झालं तर आधी हॉस्पिटल. तो पक्षाघात नाही ना हे तासाभरात कळायला हवं. चेहऱ्याच्या नसेचाच त्रास निघाला तर स्टेरॉइड पहिल्या ७२ तासांत सुरू होणं महत्त्वाचं असतं. सुया त्यानंतर. माझ्याकडे कुणी थेट आलं तर मी आधी पाठवून देते.

वेळेचं म्हणाल तर कल्पना चिनीच आहे. दिवसाचे दोन-दोन तासांचे बारा प्रहर आणि बारा वाहिन्या: पहाटे ३ ते ५ फुप्फुस, ५ ते ७ मोठं आतडं, ७ ते ९ जठर, ९ ते ११ प्लीहा, असं चक्र. या चक्रावरून कुठल्या वेळी कुठला बिंदू निवडायचा याचं मोठं शास्त्र नंतरच्या काळात रचलं गेलं. मी स्वतः ते वापरत नाही. सकाळी नीट खावं हे चांगलंच, पण मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणाची वेळ डॉक्टरांनी सांगितलेलीच पाळा.

खडूफळा

लेख आवडला, विशेषतः खायफंगचा भाग. पण माझी शंका मूळचीच आहे. मी जीवशास्त्र शिकवतो. वर्गात शरीरातल्या नसा, रक्तवाहिन्या, लसीकावाहिन्या दाखवता येतात. ही वाहिनी कुठे दाखवू? शवविच्छेदनात ती सापडत नाही.

दुसरी गोष्ट चाचण्यांची. जर्मनीत कंबरदुखीवर मोठी चाचणी झाली, निष्कर्ष २००७मध्ये आले. ११६२ रुग्ण होते. सहा महिन्यांनी खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरचा उपयोग झाला ४७.६ टक्क्यांना, बिंदू सोडून भलतीकडे वरवर सुया टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना, आणि नेहमीचे औषधोपचार व व्यायाम घेणाऱ्यांपैकी २७.४ टक्क्यांना. मग बिंदू नेमका कुठे, वाहिनी कोणती, याला अर्थ किती राहिला? मी हे खोडून काढायला लिहीत नाहीये. मला खरंच समजून घ्यायचं आहे.

कुतूहल

खडूफळा सरांच्या प्रश्नाला इतिहासाच्या बाजूने जोड देतो, कारण या विषयात मला सगळ्यात जास्त रस तिथेच आहे.

१९७३मध्ये छांगशाजवळ मावांगत्वेइ इथे तिसऱ्या क्रमांकाची कबर उघडली. ती इ.स.पू. १६८मध्ये बंद केलेली. आत रेशमावर लिहिलेले वैद्यकाचे मजकूर मिळाले, त्यांत वाहिन्यांवरचेही आहेत. वाहिन्या बारा नाहीत, अकरा. त्या एकमेकींना जोडलेल्या नाहीत, त्यांच्यावर एकाही बिंदूचं नाव नाही, आणि उपचार म्हणजे त्या वाहिनीवर डाग देणं. सुई कुठेच नाही.

आता खरी गोष्ट. त्यांतल्या एका मजकुरात 'ही जठराची वाहिनी' असं स्पष्ट म्हटलंय ते पायाच्या थाइयिनबद्दल, म्हणजे आज जिला प्लीहेची वाहिनी म्हणतात आणि जी पायाच्या आतल्या बाजूने जाते, तिच्याबद्दल! पुढे 'लिंगशू'त बारा वाहिन्यांचं बंद वर्तुळ तयार झालं, प्रत्येकीला एकेक अवयव मिळाला, आणि जठर पायाच्या बाहेरच्या बाजूला यांगमिंगकडे आलं.

बिंदूंचंही तसंच. तिसऱ्या शतकात हुआंगफू मी या लेखकाच्या ग्रंथात ३४९ बिंदू. १०२७मध्ये सुंग दरबारातल्या वांग वेइयीने माणसाच्या उंचीचे काशाचे पुतळे घडवून घेतले, त्यांवर ३५४. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाण यादीत ३६१. (त्या पुतळ्यांवर परीक्षा कशी घेत त्याची हकीकत सुंदर आहे: पुतळा आतून पोकळ, बाहेरून मेण लावून भोकं बुजवलेली, आत पाणी भरलेलं. विद्यार्थ्याची सुई बरोबर जागी लागली तरच पाणी येणार.)

म्हणजे वाहिनी ही कुणीतरी शरीर उघडून पाहिलेली नळी नव्हे. अनेक पिढ्यांनी अनुभव आणि तत्त्वज्ञान यांचा मेळ घालत आखलेला तो नकाशा आहे, आणि नकाशा दुरुस्त होत गेला. माझ्या मते यात त्या वैद्यांचा कमीपणा काहीच नाही.

मोगरा

जठराची वाहिनी आधी आतल्या बाजूला होती हे वाचून मी दोनदा मागे जाऊन वाचलं. आपल्याकडच्या मर्मांशी याचं काही नातं आहे का?

कुतूहल

मोगरा, मी तरी तशी जोडी लावणार नाही. सुश्रुताची १०७ मर्मं ही जपायची ठिकाणं आहेत. तिथे घाव बसला तर मृत्यू, व्यंग किंवा वेदना, त्यामुळे शस्त्र चालवताना ती टाळायची. चिनी बिंदू मुद्दाम सुई घालण्यासाठी. दोन्हींत बारीक निरीक्षण आहे, पण हेतू उलटे आहेत.

भूलवाला

मी भूलतज्ज्ञ आहे. शस्त्रक्रियेनंतरची मळमळ आणि फुगलेलं, हलायचं नाव न घेणारं पोट हे माझं रोजचं काम. त्यामुळे गुडघ्याखालच्या त्या जागेबद्दल मी बरंच वाचलेलं आहे.

आधी शरीररचना. त्सुसानलीच्या जागी वर नडगीचा पुढचा स्नायू, त्याच्या खाली खोलवर पायाचं पाऊल वर उचलणारी नस आणि तिच्यासोबत धमनी. म्हणजे जागा रिकामी नाही, नसांनी भरलेली आहे.

अकिओ सातो या जपानी शरीरक्रियाशास्त्रज्ञांच्या गटाने १९९०च्या दशकात भूल दिलेल्या उंदरांवर प्रयोग केले. पोटाच्या त्वचेवर-स्नायूंवर सुईची उत्तेजना दिली तर जठराची हालचाल मंदावते. मागच्या पायावर दिली तर ती वाढते. पहिल्यात मज्जारज्जूतून जाणारी सिम्पथेटिक वाट, दुसऱ्यात मेंदूतून फिरून पोटाकडे येणारी व्हेगस नस. पोटाच्या तक्रारीला पायात सुई, याला निदान प्राण्यांत तरी खरीखुरी वाट आहे.

मग २०२१मध्ये हार्वर्डच्या छ्योफू मा यांच्या गटाचा शोधनिबंध 'नेचर'मध्ये आला. उंदरांना जिवाणूंचं विष देऊन अंगभर दाह निर्माण केला आणि याच ३६व्या बिंदूवर सुईतून अगदी सौम्य वीजप्रवाह दिला. व्हेगस नस जागी झाली, तिने अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथीला काम लावलं, दाह उतरला. त्यांनी त्यामागच्या चेतापेशीही शोधल्या. त्यांचे तंतू मागच्या पायाच्या खोल आवरणांत पसरलेले असतात, पोटाच्या आवरणात नसतात. त्या पेशी काढून टाकलेल्या उंदरांत सुईचा तो परिणाम दिसला नाही.

खडूफळा सर, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर इथे आहे. त्याच प्रयोगात बेंबीच्या बाजूच्या थ्येनशूवर तेवढाच सौम्य प्रवाह दिला, तर काही झालं नाही. थ्येनशूही जठराच्याच वाहिनीवरचा, २५वा. म्हणजे वाहिनी एकच, पण दोन बिंदू वेगळे वागले. यातून जागेला अर्थ आहे असं दिसतं. रेषा सिद्ध होते असं दिसत नाही. आणि हे उंदीर आहेत, विषय दाहाचा आहे. 'अ‍ॅसिडिटीवर हार्वर्डचं शिक्कामोर्तब' असं कुणी पुढे पाठवू नये.

जाता जाता जेम्स रेस्टनबद्दल. न्यूयॉर्क टाइम्सचा हा पत्रकार जुलै १९७१मध्ये पेकिंगमध्ये (आजचं बीजिंग) असताना त्याचं अपेंडिक्स काढावं लागलं. 'अ‍ॅक्युपंक्चरवर ऑपरेशन केलं' असं सर्रास लिहिलं जातं. ते चूक आहे. शस्त्रक्रिया नेहमीची औषधं टोचून, जागा बधिर करूनच झाली. दुसऱ्या रात्री पोटात गच्च कोंडल्यासारखं होऊ लागलं, तेव्हा तिथल्या अ‍ॅक्युपंक्चरतज्ज्ञाने उजव्या कोपरावर आणि दोन्ही गुडघ्यांखाली सुया लावल्या आणि पोटाजवळ औषधी पाल्याची धुरी धरली. तासाभरात बरं वाटलं आणि त्रास पुन्हा झाला नाही, असं त्याने लिहिलं. निक्सन यांच्या चीनभेटीच्या घोषणेचे ते दिवस, त्यामुळे अमेरिकेत या लेखाने केवढी तरी उत्सुकता निर्माण केली. एका माणसाचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, हे मान्यच. पण शस्त्रक्रियेनंतर थांबलेल्या पोटासाठी चिनी डॉक्टरांनी गुडघ्याखालीच हात घातला, याची नोंद म्हणून मला ती मोलाची वाटते.

सिद्धेश्वर_पेठ

डॉक्टर, सुरेख माहिती. सोलापूरकर म्हणून मला एक दुवा जोडायचाच आहे, कारण आमच्याकडेही त्यात गोंधळ होतो.

'डॉ. कोटणीसांनी अ‍ॅक्युपंक्चर भारतात आणलं' असं मी भाषणांत ऐकलेलं आहे. द्वारकानाथ कोटणीस शल्यविशारद होते. सोलापुरात १९१०मध्ये जन्म, मुंबईच्या जी. एस. मेडिकलमध्ये शिक्षण, १९३८मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात निवड. आघाडीवर रात्रंदिवस जखमींवर शस्त्रक्रिया करत ते ९ डिसेंबर १९४२ला तिथेच गेले, वय अवघं ३२. परत येऊन काही शिकवायला ते उरलेच नाहीत.

त्याच पथकात कलकत्त्याचे डॉ. बिजय कुमार बसू होते (आणि नागपूरचे डॉ. चोळकरही, त्यांची आठवण फार कमी लोक काढतात). बसू परत आले, १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, तिथे अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि १९५९पासून कलकत्त्यात ते करू लागले. भारतात हे शास्त्र रुजलं ते त्यांच्यामुळे. आपल्या सहकाऱ्याचं नाव त्यांनी जन्मभर जपलं, कोटणीस स्मारक समितीचं काम केलं, म्हणून ही दोन नावं एकत्र येतात. बसूंचं श्रेय बसूंना मिळावं, कोटणीसांचं मोठेपण त्याने तसूभरही कमी होत नाही.

ओसाकाकर

वाचतोय आणि फार आवडतंय. जपानमध्ये या बिंदूला नुसतं 'सान्री' म्हणतात आणि इथे सुईपेक्षाही डागाशी, म्हणजे 'क्यू'शी त्याचं नातं जुनं आहे. १६८९मध्ये कवी बाशो उत्तरेच्या लांबच्या पायी प्रवासाला निघाला, तेव्हा त्याने केलेली तयारी अशी: विजार शिवली, टोपीची दोरी बदलली, आणि पायांना सान्रीवर क्यू दिला. इतका तो घरगुती होता.

क्यूसाठी वापरतात ती योमोगी ही वनस्पती. वाळवून, कुटून, पानांमागची पांढरी लव वेगळी करून कापसासारखी करतात. ताजी कोवळी पानं भाताच्या गोड गोळ्यांत घालून खातातही. आपल्या ज्योतिबाला चैत्रात वाहतात तो दवणा याच कुळातला, आर्टेमिसिया. पहिल्यांदा इथल्या दवाखान्यात वास आला तेव्हा मला चैत्रच आठवला.

नळीतून सुई टोचायची पद्धत इथलीच, सतराव्या शतकातल्या सुगियामा वाइची या अंध वैद्याची. सुई इतकी बारीक असते की टोचल्याचं कळतही नाही. सुईचा आणि क्यूचा परवाना वेगवेगळा, तीन वर्षांचं शिक्षण आणि राष्ट्रीय परीक्षा. भारतात काय स्थिती आहे?

अनवट

ओसाकाकर, दवण्याबद्दल मनापासून आभार. भारतात केंद्र सरकारने २०१९मध्ये अ‍ॅक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. पश्चिम बंगालचा कायदा १९९६चा, महाराष्ट्राचा त्यानंतरचा. आपल्याकडे राज्याची अ‍ॅक्युपंक्चर परिषद आहे. उपचार घेण्याआधी नोंदणी आहे का ते बिनधास्त विचारा. विचारलेलं कुणाला आवडत नसेल तर तिथून उठा.

खडूफळा सर, जर्मन चाचणी मी विद्यार्थ्यांना स्वतः वाचायला लावते. वाहिनी शरीरात दाखवता येत नाही, हे मी पेशंटलाही सांगते. तरी मी ती शिकवते, कारण कुठल्या दूरच्या बिंदूचा कुठल्या भागाशी संबंध अनुभवाला आला, याची एवढी व्यवस्थित नोंद दुसरीकडे नाही. गुडघ्याखाली नडगीच्या बाहेर एका ओळीत सान्ली, त्याखाली मोठ्या आतड्याचा बिंदू, त्याखाली लहान आतड्याचा. आख्खा पचनमार्ग एका नडगीवर मांडलेला! भूलवाले डॉक्टरांनी सांगितलेले प्रयोग या मांडणीतले कुठले बिंदू टिकतात आणि कुठले गळतात ते ठरवतील. ठरवू देत. माझी निष्ठा पेशंटशी आहे, नकाशाशी नाही.

आता सुरक्षेचं. या वाहिनीवर काही जागा खरोखर धोक्याच्या आहेत. पहिला बिंदू डोळ्याखाली, सुई जरा चुकली तर खोबणीत रक्तस्राव. नववा गळ्यात, शेजारी मेंदूकडे जाणारी धमनी. छातीवरच्या बिंदूंच्या खाली फुप्फुस आहे, तिथे सुई सरळ खोल गेली तर हवा भरून फुप्फुस बसू शकतं. सतरावा म्हणजे स्तनाग्र, ते फक्त मोजमापाची खूण, तिथे ना सुई ना डाग. सुया एकदाच वापरायच्या, पाकीट पेशंटसमोर फोडायचं. आणि वजन उतरतंय, शौचातून काळं रक्त जातंय, गिळायला त्रास होतोय, अशी लक्षणं असतील तर आधी दुर्बिणीची तपासणी. सान्ली कुठे पळून जात नाही.

घरी करायचं असेल तर दाबा. गुडघा वाकवून बसा. वाटीखाली दोन खळगे हाताला लागतील, त्यांतल्या बाहेरच्या खळग्यापासून स्वतःच्याच हाताची चार बोटं जोडून खाली मोजा. माप ज्याच्या त्याच्या हाताचं, लहान मुलाच्या पायावर मोठ्याची बोटं ठेवायची नाहीत. नडगीच्या धारेपासून एक बोट बाहेर या. पाऊल वर उचलून पाहा, तिथला स्नायू फुगतो. अंगठ्याने खोल दाबलं की जड ठणका जाणवतो, कधी घोट्याकडे उतरतो. तो जाणवला की जागा सापडली. दोन-तीन मिनिटं, दोन्ही पाय.

मोगरा

सापडली! खरंच ठणका घोट्यापर्यंत गेला. आईला सांगू का? तिला मधुमेह आहे, तळपायांना बधिरपणा आहे, आणि पोट सतत गच्च वाटतं. कुणीतरी तिला त्या धुरीच्या कांड्या आणून दिल्यात.

अनवट

मोगरा, कांड्या बाजूला ठेवायला सांगा. बधिर पायाला चटका कळत नाही, फोड येतो, मधुमेहात तो चिघळतो. दाबायला हरकत नाही, हलक्या हाताने, नख न लागता, आणि त्या जागी जखम किंवा सूज नसेल तरच. पोट सतत गच्च राहतं हे तिच्या डॉक्टरांना वेगळं सांगा. बरीच वर्षं मधुमेह असला की जठराच्या नसाही मंद होतात, त्याची तपासणी असते आणि औषधंही असतात.

भूलवाला

अगदी सहमत. आणि आईंची शस्त्रक्रिया कधी ठरली तर पोट मंद असल्याचं भूलतज्ज्ञाला आवर्जून सांगा. उपाशी राहूनही अशा पोटात अन्न उरलेलं असू शकतं.

मोगरा

आजच फोन करते तिला. कांड्या उचलून ठेवायला सांगते, आणि डॉक्टरांची वेळ घेते.